मदत हवी आहे: जोर न देता गडद उमटणाऱ्या रंगपेन्सिली

रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मंडला (गोलाकार नक्षीची) चित्रं रंगवते. फोन बाजूला राहतो, डोकं शांत होतं. हे मला सोडायचं नाहीये, म्हणून विचारते.

मुलांच्या साध्या रंगपेन्सिलींना इतका जोर द्यावा लागतो की १५ मिनिटांत अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. रबरी ग्रिप लावली, फरक थोडाच. स्केचपेनचा रंग मागच्या बाजूला उतरला, कारण चित्रं ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम, म्हणजे पातळ) झेरॉक्सच्या कागदावर छापलेली. मग १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद (चित्रकलेचा जाड कागद) आणून घरच्या इंकजेटवर छापलं, तर ब्रशपेनची ओली शाई लागताच काळ्या रेघा फिसकटल्या. फार वाईट वाटलं, फुलांचं चित्र जवळजवळ पूर्ण झालं होतं. आता लेझर प्रिंट काढते, रेघा टिकतात. म्हणजे कागदाचा प्रश्न सुटलाय, पेन्सिलींचा नाही.

अ‍ॅप सुचवू नका, स्क्रीनच नको आहे. बजेट हजार रुपये, २४ रंग पुरेत.

वॉटरकलर पेन्सिलीने हलकं रंगवून वर ओला ब्रश फिरवला, तर हाताला आराम मिळून रंग गडद येतो का, की त्यापेक्षा मऊ, मेणाच्या शिशाच्या पेन्सिली घ्याव्यात? अंगठा दुखत असताना यातलं काही नियमित वापरलंय का कुणी?