क्रूझचं भाडं हाताबाहेर चाललंय, आई-बाबांना न्यायचंच आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या वर्षी ४० वर्षं होतील. बाबांना जहाजांचं भारी वेड, पण दोघांनी आजवर एकही रात्र समुद्रावर काढलेली नाही. म्हणून मी आणि धाकट्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी ठरवलं, चौघांनी ग्रीक बेटांच्या ७ रात्रींच्या क्रूझवर जायचं. तेव्हापासून दोघी दर महिन्याला पैसे बाजूला टाकतोय. ठरवलेली रक्कम जमली, पण तोवर भाडं पुढे निघून गेलं. ज्या पैशांत दोन बाल्कनी केबिन मिळत होत्या, त्यात आता एक जेमतेम बसते.

परवा बुकिंगच्या पानावर बसलो. पहिला आकडा बघून वाटलं, थोडी ओढाताण करून जमेल. मग बंदरांचे कर आले, माणशी रोजची टिप आली, इंटरनेट, पेयांचं पॅकेज, किनाऱ्यावरच्या सहली... बहीण वहीत एकेक ओळ उतरवत होती. सातव्या ओळीला तिने पेन खाली ठेवलं.

भाडं का वाढलं ते थोडंफार वाचलंय. मार्च २०२० मध्ये जहाजं बंद पडली, कंपन्यांनी मोठाली कर्जं काढली, ती अजून फिटताहेत. शिवाय २०२४ पासून युरोपात जहाजांच्या धुरावर कार्बनचा खर्च लागू झाला: त्या वर्षीच्या ४० टक्के उत्सर्जनावर, २०२५ साठी ७० आणि २०२६ पासून पूर्ण. पण कारण कळून पैसे काही वाचत नाहीत.

तर जाणकारांनो, काटछाट नेमकी कशात करू? चौघं एकाच केबिनमध्ये राहिलो तर? की शेवटच्या क्षणी भाव पडतात म्हणतात, तसं थांबून बघू? आईचे गुडघे दुखतात, ती दिवसभर फिरणार नाही. तिला बसल्या जागी समुद्र दिसावा एवढी एकच गोष्ट मला सोडायची नाहीये.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या क्षणावर अजिबात विसंबू नका. जहाज किती भरलं हे मोजताना दर केबिनला दोन माणसं धरतात, त्यामुळे तिसरा-चौथा माणूस आला की जहाज कागदावर १०० टक्क्यांच्या वर भरतं. हल्ली तसंच होतंय, मग कंपनी स्वस्तात का देईल? शिवाय चौघांना हव्या तशा केबिन तेव्हा उरलेल्या नसतात.

उलट लवकर बुक करा, पण अनामत परत मिळेल असाच दर घ्या. पूर्ण पैसे भरायची मुदत साधारण ९० दिवस आधी असते. तोवर दर आठवड्याला भाव बघत राहा. उतरला तर बऱ्याच कंपन्या नवा दर लावून देतात, नाहीतर रद्द करून पुन्हा बुक करता येतं. मी दोनदा केलंय.

एका केबिनमध्ये चौघांचं म्हणाल तर तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बरंच कमी लागतं हे खरं, पण कर आणि टिप माणशीच जाते आणि बाथरूम एकच. त्यापेक्षा आई-बाबांना बाल्कनी द्या आणि तुम्ही दोघी समोरची बिनखिडकीची केबिन घ्या. बऱ्याच जहाजांवर अशा दोन केबिनच्या मध्ये फक्त बोळ असतो. दिवसभर त्यांच्याच बाल्कनीत बसाल, स्वतःच्या केबिनमध्ये झोपण्यापुरत्या जाल. फक्त ज्या स्वस्त दरात केबिनचा नंबर कंपनीच ठरवते, तो घेऊ नका. दोन केबिन दोन टोकांना आल्या तर आईंचे हाल होतील.

आणि नवीन जहाजाचा मोह सोडा. घसरगुंड्या आणि सर्कशीचे पैसे तुम्ही कशाला भरायचे? जुनी, मध्यम जहाजं स्वस्त असतात आणि चालणंही कमी पडतं.

प्रतिसाद २

जून ते सप्टेंबर टाळा. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर कर लावलाय. सँटोरिनी आणि मिकोनोसला त्या महिन्यांत माणशी २० युरो, एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये १२. भाडंही तेव्हा कमी असतं आणि ऊन सोसवतं.

एक आवर्जून सांगते. सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. लहान बोटीत उतरावं लागतं, आणि वर गावात जायला केबल कार किंवा ५०० हून जास्त पायऱ्या. केबल कारला रांग असते. आईंना नाही झेपलं तर जहाजावरूनच बघू द्या. कड्यावरची पांढरी घरं पाण्यातून फार सुंदर दिसतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पायऱ्यांचं मला ठाऊकच नव्हतं! आईला आज सांगितलं, तर म्हणाली, "मी बाल्कनीतच बसेन, तुम्ही जाऊन या." बाबाही तिच्यासोबत थांबणार म्हणतात. म्हणजे त्या दिवसाची सहल आपोआप वगळली, पेयांचं पॅकेज तर आम्हाला नकोच होतं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, जुनं जहाज, एक बाल्कनी आणि एक आतली केबिन असा हिशेब मांडला, आणि तो जमलेल्या पैशांत बसतोय. आता जहाजाचा नकाशा उघडून लिफ्टजवळची समोरासमोरची जोडी शोधतोय.