टाइप वन मधुमेह नुकताच कळलाय, हॉटेलात इन्सुलिनचं गणित कसं बसवायचं?

रानजाई:
मुलगी १२ वर्षांची, निदान होऊन पाच आठवडे झाले. जेवणाआधी ॲस्पार्ट (जलद इन्सुलिन), रात्री ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू चालणारं इन्सुलिन). डॉक्टरांनी १५ ग्रॅम कार्बला (कर्बोदकांना) १ युनिट असं प्रमाण दिलंय. घरी काट्यावर वजन करून जमतं. रविवारी सगळे उडप्याकडे जाणार आहेत, पुढच्या आठवड्यात पंजाबी हॉटेलात वाढदिवस आहे. इंजेक्शन नेमकं कधी द्यायचं? आणि समोर आलेल्या डिशचे कार्ब धरायचे कसे? नातेवाईक म्हणतात, त्या दिवशी तिला नुसती भाजी द्या. ते तिलाही पटत नाही आणि मलाही.

निंबोणी:
ताई, तिला डोसा खाऊ द्या. हिशोब जमण्यासारखा आहे.

आधी वेळेचं बघू. घरी १०-१५ मिनिटं आधी टोचत असाल, पण हॉटेलात ऑर्डर देताना टोचू नका. ॲस्पार्ट पंधरा मिनिटांत कामाला लागतं आणि रविवारी दुपारी डोसा यायला चाळीस मिनिटंही लागतात. तोवर पोट रिकामं, साखर घसरणार. पाचच आठवडे झालेत म्हणजे तिचं स्वादुपिंड अजून थोडं इन्सुलिन बनवत असू शकतं, त्यामुळे या काळात साखर अचानक खाली जाण्याची शक्यता जास्त. टेबलावर बसल्यावर साखर तपासा, इन्सुलिनचं पेन तयार ठेवा आणि डिश समोर आली की टोचा.

आता उडप्याकडचे अंदाज. एक इडली १२ ते १५ ग्रॅम कार्ब. मसाला डोसा, आतल्या बटाट्याच्या भाजीसकट, ४५ ते ५५. वाटीभर सांबार १० च्या आसपास, गूळ जास्त घालत असतील तर त्याहून वर. खोबऱ्याची चटणी नगण्य. म्हणजे मसाला डोसा आणि सांबार मिळून ६० धरा: ६० भागिले १५, ४ युनिट. जेवणाआधी साखर १९०, डॉक्टरांनी दिलेलं लक्ष्य १२० आणि तिचं १ युनिट ७० ने साखर उतरवत असेल, तर वर १ युनिट, एकूण ५. हा ७० चा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे, तिचा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

चुकतं ते बहुतेक वेळा पेयांमध्ये. कॉफीत आधीच साखर असते, ती वेगळी मागवा. लिंबू सोडा मागताना "खारा, साखर अजिबात नको" असं स्पष्ट सांगा, नाहीतर गोड-खारा मिक्स येतो.

सांजवारा:
निंबोणींच्या वेळेबद्दल थोडं वेगळं म्हणणं आहे. डिश आल्यावर टोचलं की साखर तासाभरात बरीच वर जाते, कारण डोसा-इडली पटकन पचते आणि इन्सुलिन मागून धावतं. त्यावर उपाय असा: दोन इडल्या आधी मागवा, त्या लगेच येतात. आल्याबरोबर त्यांचे २ युनिट द्या. डोसा आला की त्याचे वेगळे. लोक याला "इन्सुलिनवर इन्सुलिन" म्हणून घाबरतात, पण प्रत्येक डोस आपापल्या घासांसाठी असेल तर घाबरायचं कारण नाही. जेवणानंतर दीड तासाने २५० दिसलं म्हणून वर आणखी टोचणं, खरा घोटाळा तिथे होतो. आधीचं इन्सुलिन अजून अंगात असतं, ते तीन ते पाच तास चालतं. करेक्शन, म्हणजे वाढलेली साखर उतरवायचा जादा डोस, चार तासांच्या आत नको.

मूल पूर्ण खाईल की नाही याची खात्री नसेल तर अर्ध्या डिशचे आधी द्या, उरलेले खाल्ल्याबरोबर. हे ॲस्पार्टसारख्या जलद इन्सुलिनला चालतं. जुन्या रेग्युलर इन्सुलिनला नाही, ते अर्धा तास आधीच घ्यावं लागतं.

रानजाई:
दोन इडल्यांची युक्ती आवडली, धन्यवाद. आणि पंजाबी जेवणाचं?

काजळमाया:
पंजाबीत दोन सापळे आहेत: मैदा आणि तूप-लोणी. तंदुरी रोटी २५ ते ३० ग्रॅम, बटर नान ४५ ते ५०. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून रोटी मागवून नान आलं की डोस जवळपास निम्म्याने कमी पडतो. शिजलेला भात १०० ग्रॅमला २८ ग्रॅम कार्ब. घरची आमटीची वाटी भाताने भरून एकदा काट्यावर ठेवा, डोळ्याला वजन कळायला लागतं. त्याच हॉटेलातून आधी एकदा पार्सल आणून नान आणि जिरा राइस तोलून बघा. अंदाज पक्का करायला यासारखं दुसरं काही नाही.

काजूच्या आणि टोमॅटोच्या ग्रेव्हीत साखर असते, वाटीला १० धरा. मंचुरियन घेतलं तर कॉर्नफ्लॉवर ग्रेव्हीतही असतं आणि गोळ्यांतही, हे विसरू नका.

लोणी-क्रीममुळे पोट हळू रिकामं होतं. दोन तासांनी साखर छान १४० दिसते, सगळे खूश होतात आणि रात्री एक वाजता ती २८० असते. पिझ्झाचंही तेच. वाढदिवसाच्या रात्री जेवणानंतर २ तासांनी, ४ तासांनी आणि पहाटे ३ ला तपासा आणि आकडे लिहून ठेवा. पुढच्या वेळी डोस दोन भागांत द्यायचा का, हे डॉक्टर त्या आकड्यांवरूनच ठरवतील. कार्यक्रम लांबला तरी ग्लार्जिन तिच्या ठरलेल्या वेळेलाच द्या. "आज तिने काहीच खाल्लं नाही, इंजेक्शन राहू दे" असं कोणी म्हणालं तरी ते चुकवायचं नाही.

केक मोजून द्या. "शुगर-फ्री" मिठाई मात्र न मोजता देऊ नका, त्यात अनेकदा खवा किंवा मैदा असतो.

निंबोणी:
सांजवारांचं बरोबर, इडलीची कल्पना माझ्यापेक्षा चांगली.

एक राहिलं. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवायला लावा. गुलाबजामचा पाक बोटाला लागला असेल तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं, आणि त्या आकड्यावर करेक्शन दिलं तर धोका. बेसिन लांब असेल तर बोट ओल्या कापडाने पुसून कोरडं करा आणि पहिला थेंब टाकून दुसरा घ्या.

७० च्या खाली गेली तर आधी ३ चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, मगच जेवण आणि इंजेक्शन. आइस्क्रीम किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला उशीर होतो.

पेन पार्किंगमधल्या गाडीत ठेवू नका. सुई टोचल्यावर बटण दाबून दहापर्यंत मोजा, नाहीतर घाईत शेवटचा थेंब बाहेरच राहतो. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून घरी आणा. टेबलावरच्या कचऱ्यात टाकली तर ताटं उचलणाऱ्या मुलाच्या हाताला लागते.