मिरचीच्या फर्मेंटेड सॉसवर पांढरा थर आलाय, टाकून देऊ का?

लाल मिरच्या आणि लसूण चिरून मिठाच्या पाण्यात बरणीत भरून ठेवलेत, सॉस करायचाय. सुरुवातीला मस्त बुडबुडे येत होते, आता पाणी गढूळ झालंय आणि वर पातळ पांढरा थर धरलाय, दोनतीन लसणाच्या पाकळ्या चक्क निळसर दिसतायत. वास आंबट आहे, घाण नाही. मीठ रेसिपीत होतं तसं तीन चमचे घातलंय. काय करू?

प्रतिसाद १ (बरणीवाली)
थांबा, लगेच फेकू नका! थर सपाट, सुरकुतलेला, सायीसारखा असेल तर ते ‘काम’ (kahm) नावाचं यीस्ट, त्याने अपाय होत नाही पण राहू दिलं तर चव बिघडते. तो काढा, बरणीची आतली कड स्वच्छ पुसा आणि तरंगणारे तुकडे पाण्याखाली दाबा, कारण जे हवेत उघडं राहतं तिथूनच सगळं सुरू होतं. पण थर लोकरीसारखा उभा असेल किंवा हिरवा, काळा, गुलाबी दिसला तर ती बुरशी, मग वरवर काढून वापरायचं नाही, पूर्ण बरणी टाकायची. गढूळ पाणी चांगलंच, आंबवणारे लॅक्टिक बॅक्टेरिया कामाला लागलेत. लसूणही आंबटपणामुळे निळा होतो, खायला काही हरकत नाही.

प्रतिसाद २ (तिखटजाळ)
वरचं सगळं बरोबर, पण मूळ मुद्दा मिठाचा. बारीक मिठाचा चमचा आणि जाड्या मिठाचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो म्हणून चमच्याने मोजूच नका, काटा घ्या. मिरच्या आणि पाणी दोन्हींचं मिळून वजन करायचं आणि त्याच्या साधारण ३ टक्के मीठ, म्हणजे ५०० ग्रॅम मिरच्या आणि ५०० मिली पाणी असेल तर ३० ग्रॅम. हवामान खूप गरम असेल तर मीठ थोडं वाढवा. दाबायला झिपची पिशवी वापरत असाल तर तिच्यात साधं पाणी नको, तेवढंच खारट पाणी भरा, पिशवी फुटली तरी प्रमाण बिघडत नाही.

प्रतिसाद ३ (निवांत)
पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) बघितल्याशिवाय बाटलीत भरू नका प्लीज. ४.६ च्या खाली असायलाच हवा, नाहीतर बोटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) धोका राहतो, मी स्वतः ४ च्या खाली गेल्याशिवाय पुढे जात नाही. आणि मिरच्या मिक्सरमधून काढायच्या आधीच पीएच मोजायची पट्टी बरणीतल्या पाण्यात बुडवा, एकदा लाल सॉस झाला की त्याच्या रंगात पट्टीचा रंग कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
थर सपाटच होता, काढला, खाली सगळं स्वच्छ आहे. हुश्श! पट्ट्या मागवते. शेवटी थोडी साखर घालायची होती, चालेल ना?

तिखटजाळ
चालेल, पण साखर मिळाली की ते परत आंबायला लागतं आणि झाकण घट्ट असेल तर बाटली फुटू शकते. एकतर साखर घालून उकळी काढा आणि मग भरा, नाहीतर कच्चाच ठेवायचा असेल तर फ्रीजमध्ये ठेवून अधूनमधून झाकण सैल करत जा.