मदत हवी आहे: ‘ची-री’च्या बुरुजाची आतली रचना

टाइप ५ ‘ची-री’ या दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी रणगाड्याचं १:३५ मॉडेल प्लास्टिक शीटमधून बांधायचं आहे. रुंदी ३.०५ मीटर, म्हणजे मॉडेलवर ८७ मिमी. पुढचं ७५ मिमी चिलखत २.१ मिमी होतं, त्यामुळे २ मिमी शीट चालते. अडतंय ते बुरुजात. ७५ मिमी तोफेचे गोळे जड, म्हणून अर्धस्वयंचलित भरणी यंत्रणा आखली होती. पण १९४५ला युद्ध संपलं तेव्हा एकमेव नमुना अपूर्णच होता. अमेरिकनांच्या हाती तसाच लागला. तोफ मागे सरकायला जागा सोडून भरणीचं तबक नेमकं कुठे बसवावं? बुरुजाचा उभा छेद कोणाकडे असेल तर कृपया टाका. ‘ची-तो’ या दुसऱ्या जपानी रणगाड्याचा नको, त्याचा बुरूज लहान आणि गोळे हातानेच भरायचे.