साखर-दूध सोडल्याने नैराश्य जातं का? भाऊ गोळ्या बंद करायचं म्हणतोय

मोठीताई:
धाकट्या भावाला नैराश्य आहे, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. मध्यंतरी त्याने कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून 'बंद'चा सपाटा लावलाय. साखर बंद, दूध-अंडी बंद, कॉफी बंद. "सिरोटोनिन पोटातच तयार होतं, आतडं साफ झालं की डोकं आपोआप ताळ्यावर येतं," हे पालुपद दिवसभर चालू. सकाळी काही खात नाही, दुपारी उकडलेल्या भाज्या, त्याही अर्ध्या ताटात तशाच. कपडे ढगळ व्हायला लागलेत आणि चिडचिड तर विचारू नका. काल म्हणाला, आता गोळ्यांची गरज नाही. मला भांडायचं नाहीये. आहाराचा मनावर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर त्याला द्यावं काय?

निवांत_नाही:
मी या आजारातून गेलेय. "काय खाशील?" असं कोणी विचारलं की मला रडू यायचं, कारण दोनातलं एक निवडणंही जमत नसे. माझी बहीण न विचारता ताटली आणून ठेवायची आणि शेजारी बसून स्वतःचं खायची. माझ्या ताटलीकडे बघायची नाही. काय वाढायची ते आठवतही नाही आता. तज्ज्ञ मंडळी बाकीचं सांगतीलच.

वाटीभर:
मी आहारतज्ज्ञ आहे, मानसोपचार विभागातल्या रुग्णांसोबत काम करते.

आधी सिरोटोनिनचं, म्हणजे मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाचं. शरीरातलं साधारण 90 टक्के सिरोटोनिन आतड्यात बनतं, हे खरं. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो, आणि त्यासाठी लागणारा ट्रिप्टोफॅन नावाचा कच्चा माल प्रथिनांतून येतो. तुमच्या भावाने दूध-अंडी सोडून नेमकी तीच बाजू लंगडी केलीय.

परिणाम होतो का, तर होतो. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या 67 रुग्णांवर 'स्माइल्स' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 साली आले. निम्म्यांना आहारतज्ज्ञांची मदत मिळाली, निम्म्यांना फक्त गप्पागोष्टींची सोबत. 12 आठवड्यांनी आहाराच्या गटात साधारण 32 टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली होती, दुसऱ्या गटात 8 टक्के. आता त्या लोकांनी खाल्लं काय ते बघा: अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल, दूधदुभतं, अंडी, बेताने मांस. म्हणजे ताट भरलं होतं हो, रिकामं केलं नव्हतं! आणि त्यातले बरेच जण औषधं किंवा समुपदेशन चालू ठेवूनच सहभागी झाले होते.

चिडचिडीचं म्हणाल तर, 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे 36 धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. चांगली हसती-खेळती मुलं उदास, चिडकी, एकलकोंडी झाली. डोक्यात सतत खाण्याचेच विचार. त्यामुळे भावाची चिडचिड आजाराची किती आणि उपासमारीची किती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. आधी पोट भरू दे.

मी सुरुवात कशी करते सांगू? काही काढायला सांगतच नाही. उठल्यावर तासाभरात काहीतरी प्रथिनांचं, मग दर तीन-चार तासांनी थोडं थोडं, भूक असो-नसो. निवांत_नाही यांची बहीण जे करायची ते तर माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा भारी. शिवाय बी12, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. यातलं काहीही बिघडलं तरी माणूस गळून जातो, उदास होतो. गोळ्या मात्र परस्पर बंद करू देऊ नका. चक्कर, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं हे तर होतंच, आजारही उलटू शकतो.

शंकासुर:
67 माणसं म्हणजे किती? शिवाय आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि माझ्या आठवणीप्रमाणे, ज्यांचं खाणं मुळातच वाईट होतं अशांनाच घेतलं होतं.

वाटीभर:
तिन्ही आक्षेप मान्य. म्हणूनच मी 'आहाराने बरं होतं' असं म्हणत नाही, औषधाला जोड म्हणते. पोषणाच्या गोळ्या-पावडरींच्या बाबतीत तर तुमच्याहून कडक आहे: युरोपात हजाराहून जास्त लोकांना वर्षभर ओमेगा-3, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व वगैरे देऊन पाहिलं, नैराश्य टळलं नाही. कमतरता असेल तर भरून काढा, उगाच बाटल्या विकत घेऊ नका.

मोठीताई:
खूप आभार. तपासण्या करून घेते. एक राहिलं, त्याने मीठही पूर्ण बंद केलंय. बाकी गोळ्यांबरोबर लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) आहे, ते अजून तरी घेतोय. त्यामुळे काळजी नाही ना?

वाटीभर:
ताई, हे आधी सांगायला हवं होतंत. आत्ता डॉक्टरांना फोन करा, उद्यावर टाकू नका.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. मीठ कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं, सोबत लिथियमही अडकतं आणि डोस तोच असून रक्तातली पातळी चढते. कॉफी अचानक सोडली तरी चढते, कारण कॅफीनमुळे लिथियम जास्त बाहेर पडत असतं. त्यात खाणंपिणं कमी. उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं असतं. हात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोबडं बोलणं यातलं काही आहे का? असेल तर फोनवर थांबू नका, थेट इमर्जन्सीत न्या. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन देऊ नका, त्यानेही पातळी वाढते.

मोठीताई:
पेला धरताना हात थरथरतो. मला वाटलं अशक्तपणा. डॉक्टरांशी बोलले, पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच इमर्जन्सीत या म्हणालेत. निघतोय. तो कुरकुरतोय, पण चप्पल घातलीय. बी12 पण त्याच रक्तातून होईल ना, की उपाशीपोटी लागतं?

वाटीभर:
बी12 नंतर झालं तरी चालेल, त्याच्यासाठी खोळंबू नका. शेवटची लिथियमची गोळी किती वाजता घेतली ते विचारून कागदावर लिहून न्या. एरवी ही पातळी गोळीनंतर 12 तासांनी मोजतात, वेळ माहीत नसेल तर आकड्याचा नीट अर्थ लागत नाही. आणि व्हिडिओ पाहून काय काय सोडलंय ते सगळं तिथे सांगा, तो नको म्हणाला तरी.