मदत हवी आहे: पेटीवर वाढलेल्या डाव्या हाताला कीबोर्डवर कॉर्ड कसे शिकवावेत?

पैनगंगाकाठ
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि गावच्या भजनी मंडळात चौदा वर्षांपासून पेटी वाजवतो. ११ ऑक्टोबरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम असून, शाळेची मुले म्हणणार असलेल्या भजनाला शाळेच्या कीबोर्डवर साथ करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उजव्या हाताची अडचण नाही. चाल पहिल्याच दिवशी बसली. डाव्या हाताने मात्र आजवर केवळ भाता ओढला. व्हिडिओ पाहून कॉर्ड, म्हणजे तीन स्वर एकत्र दाबणे, शिकलो, परंतु दोन्ही हात एकत्र आले की चाल अडखळते आणि खालून गढूळ, घुमणारा आवाज येतो. आता बारा दिवस उरले आहेत. कृपया ‘सराव वाढवा’ एवढेच सांगू नये. कोणता कॉर्ड कुठे दाबायचा, हे कोणी नेमके सांगेल काय?

संथलय
भाऊ, सा कोणत्या पट्टीत धरता, ताल कोणता आणि चालीचे स्वर कोणते, हे लिहिल्याशिवाय नेमके उत्तर कसे देता येईल? शिवाय कॉर्ड कोणत्या सप्तकात दाबता आणि प्रत्येक स्वराला नवा कॉर्ड घेता काय, हेही कळवावे.

कपाशीचे रान
एवढ्या खटाटोपाची गरज नाही. बहुतेक कीबोर्डवर एका बोटाने कॉर्ड वाजवण्याची सोय असते. ती सुरू करून डावीकडची एक पट्टी दाबली की कॉर्ड आणि ठेका दोन्ही आपोआप वाजतात. आमच्या गावातल्या गणेशोत्सवात मी तसेच वाजवतो.

संथलय
त्या ठेक्याची गती ठरलेली असते. खंजिरी आणि मुलांचा कोरस भजनाच्या शेवटी लय वाढवत नेतात, तेव्हा यंत्राचा ठेका मागे राहतो. म्हणून या प्रसंगी ती सोय मला योग्य वाटत नाही.

षड्जपंचम
मुळात भजनाला कॉर्ड कशासाठी? आपले संगीत एकेका स्वराचे आहे. चाल भूप रागाची असेल तर त्यात म आणि नी वर्ज्य आहेत, म्हणजे घ्यायचेच नसतात. तिथे म-ध-सा किंवा प-नी-रे दाबले की वर्ज्य स्वर आत शिरतो आणि भूप राहत नाही. डाव्या हाताने केवळ सा आणि प धरून ठेवावेत, तंबोऱ्यासारखे. मालकंसात प वर्ज्य आहे, तिथे सा आणि म. मी कळकळीने सांगतो, याहून अधिक काही करू नये.

संथलय
भूप आणि मालकंसाबाबत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तथापि प्रत्येक भजन रागात काटेकोर बांधलेले नसते. ‘हे आपले नव्हे’ हा आक्षेप एकेकाळी पेटीवरही होता. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल झाली. आज पेटीशिवाय भजनाची कल्पनाही करवत नाही.

षड्जपंचम
तो आक्षेप पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) निघत नाही आणि श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म भेद) साधत नाहीत यासाठी होता. कॉर्डचा प्रश्न वेगळा आहे.

संत्र्याची बाग
कीबोर्डसाठी बॅटरीचे सेल आणून ठेवावेत. आमच्याकडे वरूड भागात ऐन कार्यक्रमात वीज गेली आणि मुले मंचावर उभीच राहिली. दुसऱ्याचा ॲडॉप्टर वापरायचा झाल्यास त्यावरचे व्होल्ट आणि अधिक-उणे यांची खूण आधी जुळवून पाहावी.

पैनगंगाकाठ
सेल आहेत, ताई. माझा प्रश्न कॉर्डचा आहे. सा काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी. आमच्याकडे सगळे तिथेच गातात, म्हणून लिहिले नव्हते. ताल केहरवा. पहिली ओळ: सा रे ग ग, म ग रे सा. दुसरी: रे रे ग म, ग रे नी सा. होय, प्रत्येक स्वराला कॉर्ड बदलतो आणि तो अगदी डाव्या टोकाच्या सप्तकात घेतो, कारण उजवा हात मोकळा राहतो.

संथलय
दोन्ही दोष आता स्पष्ट झाले. खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सप्तकात, जवळजवळचे तीन स्वर एकत्र दाबले की नाद गढूळ होतोच. कॉर्ड चालीच्या लगतच्या खालच्या सप्तकात आणावा. दुसरे म्हणजे, केहरव्याच्या आठ मात्रांत कॉर्ड केवळ पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, आणि पाचव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’वर, बदलावा; मधले स्वर त्यावरून वाहत जाऊ द्यावेत. त्या मात्रेवर सा, ग किंवा प असेल तर सा-ग-प, म किंवा ध असेल तर म-ध-सा, रे किंवा नी असेल तर प-नी-रे. आपल्या पहिल्या ओळीत समेला सा आणि खालीला म येतो. दुसऱ्या ओळीत समेला रे, म्हणून प चा कॉर्ड, आणि खालीला ग, म्हणून पुन्हा सा चा.

हात उचलून नेऊ नये. सा-ग-प ला करंगळी, मधले बोट आणि अंगठा ठेवावा. म साठी करंगळी सा वरच ठेवून तर्जनीने म आणि अंगठ्याने ध घ्यावा. प साठी अंगठा प वरच राहतो. करंगळी खालच्या नी वर आणि मधले बोट रे वर सरकते. भाता ओढणाऱ्या हाताला एवढीच हालचाल जमण्यासारखी आहे. काळी एकमध्ये सा-ग-प म्हणजे काळी एक, पांढरी चार, काळी चार. हे अवघड गेल्यास ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवण्याची कीबोर्डवरची सोय) एकने वाढवून पांढरी एकपासून वाजवावे.

षड्जपंचम
चौदा वर्षे काळी एकवर बसलेली बोटे पांढरीवर नेऊ नयेत, एवढे तरी ऐकावे.

पैनगंगाकाठ
काळी एकवरच वाजवले. रात्री दहापर्यंत बसलो आणि दोन्ही ओळी न अडखळता गेल्या. माझ्या मुलीने पलंगावर पडल्या पडल्या सोबत म्हटल्या. परंतु अंतऱ्यात ‘प ध नी ध’ येतो, नी समेवर पडतो आणि तिथे प चा कॉर्ड दाबला की कानाला टोचते.

संथलय
तो नी कोमल, म्हणजे शुद्ध नी पेक्षा किंचित उतरलेला, आहे काय?

पैनगंगाकाठ
होय, कोमल. लिहायचे राहिले.

संथलय
मग प च्या कॉर्डमधला शुद्ध नी त्याला टोचतो आहे. तिथे कोमल नी, रे आणि म असा कॉर्ड घ्यावा. काळी एकमध्ये तो पांढरी सात, काळी दोन आणि काळी तीन असा येईल. खालीला ध आला की नेहमीचा म चा कॉर्ड.