मदत हवी आहे: चक्रवाढ व्याजाच्या फंक्शनमध्ये एक महिना कुठे गळतोय?

नमस्कार मंडळी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दरमहा बदलणाऱ्या व्याजदरावर शिल्लक काढणारं छोटं फंक्शन लिहिलंय. त्यातल्या इटरटूल्स मॉड्यूलमधलं अक्युम्युलेट (यादीतला एकेक घटक घेऊन दर टप्प्याचा निकाल देणारं साधन) वापरलं, त्याला दरांची यादी आणि स्वतःचं फंक्शन दिलं: आधीची शिल्लक गुणिले (1 + वार्षिक दर भागिले 12).

पहिल्यांदा चालवलं तर शेवटची शिल्लक 0.134 च्या आसपास! बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की सुरुवातीची किंमत दिली नाही तर यादीतला पहिला घटकच शिल्लक म्हणून धरला जातो. म्हणजे मी व्याजदरावरच व्याज चढवत होतो. मग इनिशियलमध्ये (सुरुवातीच्या किमतीच्या जागी) मुद्दल 1,00,000 दिलं.

आता आकडे बरे दिसतात, पण चुकतातच. तपासणीसाठी बाराही महिने 12 टक्के दर ठेवला. हाताने हिशोब केला तर 1,12,682.50 यायला हवेत. माझ्या तक्त्यात शेवटच्या ओळीत 1,11,566.83 येतात. हे तंतोतंत 11 महिन्यांचं उत्तर आहे, त्यामुळे राउंडिंगचा संशय मी सोडून दिलाय.

तक्ता छापताना महिन्यांची यादी (12 नावं) आणि निकाल झिपने (दोन याद्यांच्या जोड्या लावणाऱ्या फंक्शनने) जोडतो. एरर काहीच येत नाही, हेच जास्त छळतंय. इनिशियल दिल्यावर निकालात 13 आकडे येतात, हे आत्ता लिहिता लिहिता मोजलं. मग झिप शेवटचा आकडा गुपचूप टाकून देतंय का? तसं असेल तर पहिला आकडा वगळावा, की महिन्यांच्या यादीत "सुरुवात" अशी ओळ घालावी? आणि पैशांसाठी फ्लोटऐवजी (अंदाजे साठवल्या जाणाऱ्या अपूर्णांकांऐवजी) डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) घ्यायचं तर राउंडिंग दरमहा करता की शेवटी एकदाच?